ओव्हरड्राइव्ह लागत नाही? गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी करावयाची तपासणी

जुन्या ब्रिटिश मोटारीचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा गिअरबॉक्समागचा जोडसंच, लागेनासा झाला की गॅरेजमध्ये पहिला निर्णय बहुधा गिअरबॉक्स खाली उतरवण्याचा होतो. वास्तविक तोच निर्णय सर्वांत शेवटी घ्यावयाचा असतो. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे आसने, गिअरबॉक्सवरील मधला बोगदा, प्रोपेलर शाफ्ट आणि क्लचची जोडणी सोडवावी लागते, पन्नास-साठ वर्षांचे बोल्ट तुटतात, आणि एवढे करून शेवटी दोष एखाद्या सैल अर्थ वायरीत निघाला तर मालकाचे पैसे आणि मिस्त्रींचे दिवस दोन्ही वाया जातात. म्हणून बाहेरून आत जाणारा, प्रत्येक पायरीवर एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवणारा क्रम येथे मांडला आहे. आधी वीज, मग लिव्हर, मग तेल, मग दाब आणि या चारही गोष्टी ठीक निघाल्या तरच आतील यंत्रणा, असा हा क्रम आहे.

येथील विवेचन मुख्यतः लेकॉक डी नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्हविषयी आहे. कॅप्टन एडगर डी नॉर्मनव्हिल यांची ही रचना शेफील्डच्या लेकॉक कारखान्यात तयार होत असे, आणि ट्रायम्फ टीआर, ऑस्टिन-हीली, जग्वार, एमजीबी, स्टँडर्ड व्हॅनगार्ड अशा अनेक गाड्यांत ती बसवली गेली. हिचे ए, डी, एलएच, जे आणि पी असे प्रकार आहेत. तत्त्व सर्वांचे एकच असले तरी सोलेनॉइड (विजेने दांडा हलवणारे चुंबक) आणि व्हॉल्व्हची मांडणी वेगवेगळी आहे, त्यामुळे आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे आवरणावरील पट्टी पाहून आधी निश्चित करावे. स्टुडबेकरसारख्या अमेरिकन गाड्यांतील बोर्ग-वॉर्नर ओव्हरड्राइव्ह सर्वस्वी निराळ्या तत्त्वावर चालतो. त्याविषयी पुढे थोडक्यात लिहिले आहे.

यंत्रणा समजून घेतल्याशिवाय निदान करता येत नाही, म्हणून एवढे ध्यानात घ्यावे. गिअरबॉक्सच्या मागे एक ग्रहचक्री गिअरसंच असतो. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट त्यातील ग्रहचक्रांचा वाहक फिरवतो, बाहेरचे दातेरी कडे, म्हणजे ॲन्युलस, मागच्या शाफ्टला जोडलेले असते आणि मध्यभागी सूर्यचक्र असते. साध्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद एकदिश क्लचच्या रोलरमधून थेट मागे जाते, आणि त्याच वेळी स्प्रिंगांनी दाबलेला शंकूच्या आकाराचा क्लच सूर्यचक्राला ॲन्युलसशी जखडून ठेवतो, ज्यामुळे इंजिन ब्रेकिंग आणि रिव्हर्स मिळते. ओव्हरड्राइव्ह लावला की तेलाचा दाब या शंकू-क्लचला स्प्रिंगांविरुद्ध पुढे सरकवून आवरणाला पक्क्या असलेल्या ब्रेक रिंगवर दाबतो. सूर्यचक्र थांबते आणि ॲन्युलस मुख्य शाफ्टपेक्षा जलद फिरू लागतो. हा दाब निर्माण करणारा पंप मुख्य शाफ्टवरील कॅमने चालतो. तेव्हा शाफ्ट फिरत नसेल तर पंपही चालत नाही, आणि उभ्या गाडीत केलेल्या परीक्षेतून वीज व लिव्हर यांच्यापलीकडचे काहीही कळत नाही.

पहिली खबरदारी: ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर

लागत नसलेला ओव्हरड्राइव्ह गैरसोयीचा असतो, पण सुटत नसलेला ओव्हरड्राइव्ह यंत्रणेला मोडू शकतो, म्हणून हा भाग आधी सांगणे मला आवश्यक वाटते. स्विच बंद करूनही इंजिनाचे फेरे वाढले नाहीत, तर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि कोणत्याही परिस्थितीत रिव्हर्स गिअर टाकू नये. हाताने मागे ढकलूही नये. सूर्यचक्र ब्रेक रिंगला जखडलेले असताना मागचा शाफ्ट उलटा फिरवला की एकदिश क्लचचे रोलर ॲन्युलसला वाहकाशी जखडतात आणि सगळा संच अडकतो. त्यातून रोलर, त्यांचा पिंजरा किंवा क्लचचे अस्तर यांची कायमची हानी होते. गाडी पुढेच ढकलावी. गॅरेजमधून गाडी काढताना आपण सवयीने रिव्हर्स टाकतो, हे लक्षात ठेवून अशा गाडीच्या स्टिअरिंगला चिठ्ठी लावून ठेवावी.

सुटत नसण्याची कारणे बहुधा बाहेरच सापडतात. सोलेनॉइडची वायर काढून टाकावी आणि त्याच्या दांड्याने हलणारा व व्हॉल्व्ह उचलणारा लिव्हर स्प्रिंगने परत आपल्या जागी येतो का ते पाहावे. चिखल किंवा गंजामुळे सोलेनॉइडचा दांडा अडकलेला असू शकतो. लिव्हर नीट परत येत असेल, तर तेलाचा दाब क्लचकडे सोडणाऱ्या ऑपरेटिंग व्हॉल्व्हच्या दांडीतील बारीक छिद्र कचऱ्याने बुजले आहे का ते तपासावे, कारण दाब मोकळा होण्याचा मार्ग तोच आहे. ते अर्धवट बुजले तर ओव्हरड्राइव्ह सुटतो, पण रेंगाळत सुटतो. हे दोन्ही ठीक असूनही क्लच सुटत नसेल तर तो ब्रेक रिंगला चिकटलेला असतो. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत हे घडते. अशा वेळी खालून ब्रेक रिंगच्या कडेवर चामड्याच्या किंवा मऊ हातोडीने चारी बाजूंनी ठोके दिले की तो बहुधा सुटतो. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात २०२३ च्या जानेवारीत जुन्या मोटारींचा मोठा सोहळा झाला होता. अशा प्रदर्शनांपुरत्याच बाहेर निघणाऱ्या गाड्या आवारातल्या आवारात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालतात, आणि त्यांचा ओव्हरड्राइव्ह वर्षानुवर्षे एकदाही लागत नाही. त्यांच्या मालकांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा.

वीज

इंजिन बंद ठेवून किल्ली चालू करावी, टॉप गिअर टाकावा आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच दाबावा. ए आणि डी प्रकारात गाडीखालून ठक्क असा स्पष्ट आवाज आला पाहिजे; जे आणि एलएच प्रकारातील सोलेनॉइड लहान असल्याने त्याचा आवाज केवळ टिक एवढाच असतो, आणि तो ऐकण्यासाठी एकाने स्विच दाबावा व दुसऱ्याने खाली कान द्यावा. काही गाड्यांत व्हॅक्यूम स्विच किंवा थ्रॉटल स्विच जोडलेला असतो, त्यामुळे आवाज आला नाही एवढ्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. आपल्या गाडीचा वायरिंग नकाशा समोर ठेवावा. तसेच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह टोक अर्थला जोडलेला असण्याची शक्यता असते. साधा टेस्ट लॅम्प दोन्ही पद्धतींत चालतो, म्हणून मी मल्टिमीटरच्या आधी तोच हाती घेतो.

आवाज आला नाही तर टेस्ट लॅम्प सोलेनॉइडच्या टर्मिनलवर लावावा. दिवा लागत असेल तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा अर्थमध्ये आहे. गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेला असल्याने त्याचा बॉडीशी विद्युत संपर्क केवळ अर्थच्या पट्टीवर अवलंबून असतो, आणि रंगकाम झालेल्या गाडीत ती पट्टी रंगावरच कसलेली आढळते. पट्टीचे दोन्ही टोक खरवडून स्वच्छ करावे आणि मग परीक्षा पुन्हा करावी. दिवाच लागत नसेल तर बॅटरीपासून २० अँपिअरचा फ्यूज घातलेली वायर क्षणभर थेट सोलेनॉइडला लावावी. ठक्क झाले तर सोलेनॉइड निर्दोष आहे, आणि दोष मागे म्हणजे फ्यूज, स्विच, रिले किंवा गिअरबॉक्सच्या झाकणावरील आयसोलेटर स्विच यांपैकी कोठेतरी आहे.

या आयसोलेटर स्विचकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. ओव्हरड्राइव्ह केवळ टॉपमध्ये, किंवा काही गाड्यांत तिसऱ्या आणि दुसऱ्या गिअरमध्येही, लागावा आणि रिव्हर्समध्ये कधीच लागू नये, हे त्याचे काम. गिअर पडला की सिलेक्टरची हालचाल त्याचे बटण दाबते. त्याखालील वॉशर कमी-जास्त झाले, किंवा बोगद्याच्या गालिच्याखाली त्याची वायर चिरडली गेली, की ओव्हरड्राइव्ह गिअर लिव्हर हाताने दाबून धरल्यावरच लागतो आणि सोडताच सुटतो. तसे घडत असेल तर निदान झाल्यातच जमा आहे. खात्रीसाठी त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून पाहाव्यात; मात्र ही जोडणी केवळ उभ्या गाडीतील परीक्षेपुरती असावी, कारण ती तशीच ठेवली तर रिव्हर्समध्येही ओव्हरड्राइव्ह लागू शकतो आणि त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

ए आणि डी प्रकारातील सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. दांडा ओढणारी जाड गुंडाळी क्षणभर १५ ते २० अँपिअर घेते. दांडा पूर्ण आत गेला की त्याच्या टोकाने आतील संपर्क तुटतो आणि मग एक-दोन अँपिअरवर चालणारी बारीक गुंडाळी त्याला धरून ठेवते. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वायरीवर लावून हा बदल प्रत्यक्ष पाहावा. आकडा वर जाऊन लगेच खाली आला तर उत्तम. वरच राहिला तर त्याच क्षणी स्विच बंद करावा, अन्यथा जाड गुंडाळी थोड्याच वेळात जळते. एका ट्रायम्फमध्ये नवा सोलेनॉइड बसवताच पुन्हा जळाला होता, आणि मालकाला तो माल नकली असल्याची खात्री वाटू लागली होती. प्रत्यक्षात लिव्हर चुकीच्या जागी कसलेला होता, दांडा शेवटपर्यंत जातच नव्हता आणि संपर्क तुटत नव्हता. जळालेला सोलेनॉइड हा पुष्कळदा दोषाचा परिणाम असतो. लिव्हर तपासल्याशिवाय नवा बसवू नये.

लिव्हर

ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि माझ्या मते संपूर्ण निदानात तिच्याइतकी फलदायी दुसरी कोणतीही नाही. ए आणि डी प्रकारात सोलेनॉइड एका बाजूला असतो आणि त्याचा आडवा शाफ्ट दुसऱ्या बाजूला एका लहान लिव्हरपर्यंत येतो. त्या लिव्हरला ३/१६ इंचाचे, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटरचे छिद्र असते. सोलेनॉइड चालू केल्यावर हे छिद्र आवरणातील तेवढ्याच छिद्राच्या अचूक समोर आले पाहिजे. ३/१६ इंचाच्या ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू लिव्हरमधून सरकवावी: ती न अडखळता आवरणात गेली तर जुळवणी बरोबर आहे. छिद्राच्या कडेला ती अडली, मग फरक नखाएवढा का असेना, तर व्हॉल्व्ह पुरेसा उचलला जात नाही आणि ओव्हरड्राइव्ह एकतर लागत नाही किंवा लागून घसरतो.

ए प्रकारात जुळवणी करताना सोलेनॉइडच्या बाजूच्या लिव्हरचा क्लॅम्प बोल्ट सैल करावा, दुसऱ्या बाजूला ड्रिल छिद्रांत घालून शाफ्ट स्थिर करावा, सोलेनॉइडचा दांडा पूर्णपणे आत दाबून धरावा, लिव्हरचा चिमटा दांड्याच्या डोक्याला टेकवावा आणि त्याच स्थितीत बोल्ट कसावा. ड्रिल काढून सोलेनॉइड चालू-बंद करावा आणि छिद्रे पुन्हा पाहावीत. डी प्रकारात हीच जुळवणी दांड्यावरील नटने होते. जे आणि एलएच प्रकारात बाहेरचा लिव्हरच नसतो. तेथे सोलेनॉइड थेट व्हॉल्व्ह चालवतो, आणि त्याच्या ओ-रिंगा कडक झाल्या की आतल्या आत दाब गळतो. त्या बदलणे सोपे आहे, पण आधी गाडी थंड होऊ द्यावी.

तेल

ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सचेच तेल वापरतो, परंतु त्याला ते केवळ वंगणासाठी नव्हे तर दाबासाठीही लागते, म्हणून पातळी थोडी कमी झाली तरी गिअरबॉक्स कुरकुर करत नाही आणि ओव्हरड्राइव्ह मात्र बंद पडतो. वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर ओव्हरड्राइव्ह सुटत असेल तर पंपाला हवा लागत आहे असे समजावे. तेल कोणते घालावे याबाबत गाडीच्या मूळ पुस्तिकेलाच प्रमाण मानावे. एमजीबीमध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालते, इतर काही गाड्यांना वेगळी श्रेणी सांगितलेली आहे. जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल, मॉलिब्डेनमयुक्त मिश्रणे आणि घर्षण कमी करणारी कोणतीही पुरके मात्र सर्वथा टाळावीत, कारण शंकू-क्लचचे सगळे काम घर्षणावरच चालते. चांगल्या हेतूने ओतलेल्या बाटलीभर औषधाने निरोगी ओव्हरड्राइव्ह घसरू लागल्याचे दिसते, आणि तेल दोन-तीनदा बदलूनही तो दोष चटकन जात नाही.

तेल काढताना गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह या दोहोंचे प्लग उघडावेत आणि ओव्हरड्राइव्हची जाळी काढून पांढऱ्या कापडावर पाहावी. करडी मऊ पूड सर्वच जुन्या यंत्रांत सापडते. पितळी चकाकी, पोलादाचे तुकडे किंवा काळ्या अस्तराचे कण सापडले तर पुढील तपासणी गांभीर्याने घ्यावी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले तेव्हा ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांचे हे तेल आजवर बदलले नसेल तर गाडी हलवण्यापूर्वीच बदलावे. गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून आणि स्पीडोमीटर केबलच्या जागेतून पाणी आत जाते, तेल दुधाळ होते आणि व्हॉल्व्हच्या गोळीखाली गंज बसतो.

व्हॉल्व्ह आणि दाब

ए आणि डी प्रकारात ऑपरेटिंग व्हॉल्व्हचा प्लग उघडण्यापूर्वी एक गोष्ट अनिवार्य आहे: इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू करून, टॉप गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचा स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद करावा. गाडी उभी असली तरी आत शेकडो पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब साठलेला असू शकतो, आणि तसाच प्लग उघडला तर तेलाचा फवारा डोळ्यांत जातो. प्लगखाली स्प्रिंग, लहान प्लंजर आणि पोलादी गोळी असते. ती चुंबकाने काढावी आणि व्हॉल्व्हच्या दांडीतील छिद्र बारीक तारेने व हवेने साफ करावे. गोळी उचलण्याची उंची केवळ १/३२ इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटर असते, तेव्हा कचऱ्याचा एक कणही पुरेसा ठरतो. बैठक खराब वाटल्यास नवी गोळी ठेवून तांब्याच्या सळईने तिच्यावर एक हलका ठोका द्यावा.

याच प्लगच्या जागी दाबमापक बसतो. त्यासाठी लागणारा अडॅप्टर मकरपुरा जीआयडीसीतील कोणीही चांगला टर्नर करून देईल. माप सांगत बसण्यापेक्षा जुना प्लगच सोबत न्यावा. मापक १,००० पीएसआयपर्यंतचा असावा, कारण या यंत्रणांचा दाब प्रकारानुसार साधारण ३५० ते ५५० च्या दरम्यान असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. मागची चाके उचलून ही परीक्षा करायची असेल तर गाडी पक्क्या घोड्यांवर (ॲक्सल स्टँडवर) ठेवावी, पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि एकट्याने हे काम करू नये. ए प्रकारात स्विच दाबताच काटा क्षणभर खाली येऊन पुन्हा वर चढला पाहिजे. दाब मुळातच कमी असेल तर पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह, दाब साठवून ठेवणाऱ्या ॲक्युम्युलेटरच्या रिंगा किंवा त्याची तुटलेली स्प्रिंग यांच्याकडे वळावे. दाब पूर्ण असूनही ओव्हरड्राइव्ह घसरत असेल, तर मात्र क्लचचे अस्तर गेलेले आहे आणि गाडीखालून होण्याजोगा उपाय उरत नाही.

घसरणे कानाने ओळखता येत नाही; ते टॅकोमीटरवर मोजावे. पहाटे हालोलच्या रस्त्यावर वाहतूक विरळ असताना गाडी स्थिर वेगात ठेवावी आणि फेऱ्यांची नोंद सोबतच्या माणसाने करावी. २२ टक्क्यांच्या ओव्हरड्राइव्हमध्ये ३,००० फेरे त्याच वेगाला सुमारे २,४६० वर (३,००० भागिले १.२२) आले पाहिजेत. मग उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबावा: वेग न वाढता फेरे वाढले तर ते घसरणे होय. हीच परीक्षा तासभर गाडी चालवून तेल तापल्यावर पुन्हा करावी. बडोद्याच्या मे महिन्यात थंड असताना लागणारा आणि दुपारी न लागणारा ओव्हरड्राइव्ह म्हणजे पातळ झालेले तेल झिजलेल्या रिंगांतून आणि व्हॉल्व्हच्या बैठकीतून गळत असल्याचे लक्षण आहे.

ओव्हरड्राइव्ह बंद असताना दिसणाऱ्या दोन लक्षणांना वेगळे महत्त्व आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी न्यूट्रलसारखी मोकळी धावत असेल आणि रिव्हर्समध्ये ओढ नसेल, तर शंकू-क्लच ॲन्युलसला धरत नाही. उलट पुढे जाताना साध्या गिअरमध्येच ओढ नसेल, तर एकदिश क्लच गेला आहे. पहिल्या लक्षणाची खात्री करण्यासाठी कोणी पावागडच्या माची घाटातून उतरून पाहू नये. इंजिन ब्रेकिंग नसताना जुन्या ड्रम ब्रेकवर सगळा भार पडतो. सपाट रस्त्यावर ते तेवढेच स्पष्ट कळते.

बोर्ग-वॉर्नर

या प्रकारात तेलाचा दाब नसतो. सुमारे ४५ किलोमीटर वेगाला गव्हर्नरचा संपर्क जुळतो, रिलेमार्फत सोलेनॉइड तयार होतो आणि चालकाने क्षणभर ॲक्सिलरेटर सोडला की खटका आत बसतो. डॅशबोर्डखालची मूठ आत ढकललेली असताना कमी वेगात गाडी मोकळी धावते. तो दोष नव्हे, ती रचनाच तशी आहे. बहुतेक गाड्यांत गव्हर्नर रिलेच्या वायरीला अर्थ देतो, म्हणून किल्ली चालू करून गव्हर्नरकडील वायर अर्थला टेकवावी. रिले आणि सोलेनॉइड दोन्ही वाजले तर दोष गव्हर्नरमध्ये आहे. सोलेनॉइड काढताना तो पाव फेरा फिरवून खटक्यापासून मोकळा करावा लागतो, सरळ ओढू नये. वायरिंग सहा व्होल्टचे असल्यास प्रत्येक गंजलेला जोड दुप्पट त्रास देतो.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

लेकॉकच्या बाबतीत वरील सर्व पायऱ्यांची नोंद कागदावर करून ती मिस्त्रींच्या हाती द्यावी, म्हणजे आत नेमके काय पाहायचे हे त्यांना उघडण्यापूर्वीच कळते. ए प्रकार परत बसवताना ग्रहचक्रांच्या वाहकाचे आणि एकदिश क्लचचे खाचे डमी शाफ्टने एका रेषेत आणावेत, आणि पंपाच्या कॅमचा उंच भाग वर राहील असा शाफ्ट फिरवून ठेवावा, म्हणजे पंपाचा रोलर कॅमच्या सखल बाजूवर बसतो. ओव्हरड्राइव्ह शेवटच्या अर्ध्या इंचात अडला तर बोल्टांनी ओढून घेऊ नये. मागे घेऊन पुन्हा जुळवावा, कारण ओढल्याने खाचे किंवा आवरण फुटते. तेल भरल्यावर गाडी थोडे अंतर फिरवून आणावी, सपाट जागेवर उभी करावी आणि पातळी पुन्हा पाहावी, कारण ओव्हरड्राइव्हच्या पोकळ्या पहिल्या फेरीत भरतात आणि काठोकाठ दिसलेले तेल तेवढ्यात खाली गेलेले असते.